लकव्यात बोटं टोचू नका

कसबा बावड्याच्या आत्याकडे रविवारी गेलो, तर देव्हाऱ्याशेजारी काडेपेटीत शिवणाची सुई. "मामांना लकवा आला तर असू दे हाताशी," म्हणाली. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला तो मेसेज मग मी पूर्ण वाचला. तेव्हापासून डोकं तापलंय.

मेसेज म्हणतो, लकव्याचा झटका आला की पेशंटला हलवू नका, दहाही बोटांची टोकं सुईने टोचून रक्त काढा. शरीरातल्या सगळ्या शिरा तिथे संपतात, म्हणून मेंदूतला दाब उतरतो.

शिरा कुठेही संपत नाहीत. रक्त गोल फिरतं हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ सालीच दाखवून दिलं. धमनीतून शिरेत ते जातं कसं, एवढंच त्याला दिसलं नव्हतं. ते १६६१ मध्ये माल्पिगी या इटालियन डॉक्टरला बेडकाच्या फुप्फुसात दिसलं: केसाहून बारीक वाहिन्या, दोन्हींना जोडणाऱ्या. बोटाच्या टोकाला याच वाहिन्या असतात आणि रक्त तिथून माघारी वळतं.

आत्याने तर हे डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी मामांची अँजिओग्राफी मनगटातून झाली. त्याआधी डॉक्टरांनी त्यांना मूठ आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या. मूठ उघडली तर तळवा पांढराफटक. करंगळीकडची धमनी सोडली आणि अंगठ्यासकट सगळा पंजा काही सेकंदांत लाल झाला. दोन्ही धमन्या तळव्यात कमानीसारख्या एकमेकींना मिळतात, म्हणून.

मेंदूकडे चार वेगळ्या धमन्या जातात, दोन मानेच्या पुढून, दोन मणक्यांमधून. मेंदूच्या तळाशी त्यांचं कडं होतं, त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. बोटातून चार थेंब काढून तिथे काय फरक पडणार? अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. शिवाय बहुतेक झटके शीर फुटून येत नाहीत, गुठळी अडकून येतात. मोठी धमनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. हलवू नका म्हणे! तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की त्याच मिनिटाला १०८ लावायचा. दहा बोटं टोचत बसलात तर माणूस हातचा जाईल.

डाव्या अनामिकेतून थेट हृदयाकडे शीर जाते, ती चोळा, असंही त्यात आहे. तशी वेगळी शीर नाही. पाचही बोटांच्या शिरा हाताच्या पाठीवरच्या एकाच जाळ्याला मिळतात.

शेवटचा मुद्दा, "हृदय स्वतःच बायपास करतं, गोळ्या सोडा, लसूण-आल्याचा रस प्या." यातलं अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. हृदयाची धमनी हळूहळू अरुंद होत गेली तर शेजारच्या बारीक जोडवाहिन्या रुंदावतात आणि रक्त त्यांतून वळसा घालून जातं. काहींची एखादी धमनी पूर्ण बंद होऊनही त्यांना अटॅक येत नाही, तो यामुळेच. पण याला महिने-वर्षं लागतात, आणि प्रत्येकात त्या पुरेशा वाढतीलच असं नाही. अचानक गुठळी झाली तर तेवढा वेळ कुठून आणणार? लसणाने ती वाट उघडत नाही. मामांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अशी गुठळी होऊ नये म्हणूनच आहेत. आत्याने त्या दोन दिवस दिल्या नव्हत्या. रविवारी रात्री त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि पुन्हा सुरू केल्या.