सूर्याच्या छायाचित्रांतील ‘याने’ कुठून येतात

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याने मला एक चित्रफीत पाठवली आणि तिच्याखाली एकच प्रश्न लिहिला: ‘हे खरे असेल तर आपल्याला कोणी सांगत का नाही?’ चित्रफितीतील दावा थोडक्यात असा आहे. सूर्याभोवती परग्रहवासीयांची पृथ्वीहून मोठी याने फिरत आहेत, त्यांतले एक सूर्यातून इंधन शोषताना टिपले गेले आहे, दुसरे बुधाशेजारी अदृश्य होऊन उभे आहे, नासा अधूनमधून चित्रे बंद करून हे सारे लपवते, आणि ज्याला खात्री करायची असेल त्याने भर दुपारी स्वतः सूर्याकडे पाहावे, म्हणजे त्याच्याजवळ ‘दुसरा सूर्य’ दिसेल. हे शेवटचे वाक्य ऐकताच मी आत्याला फोन केला, आणि तिचा अकरा वर्षांचा नातू त्यासाठी जुनी क्ष-किरण फिल्म शोधत असल्याचे समजले.

म्हणून उत्तराची सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीचे दावे केवळ चुकीचे आहेत, हा मात्र डोळे घालवणारा आहे. डोळ्यातील भिंग सूर्याचा प्रकाश दृष्टिपटलाच्या एका लहानशा भागावर एकवटते, आणि दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे तो भाग भाजत असताना पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. काही तासांनी नजरेच्या नेमक्या मध्यभागी धूसर किंवा काळा डाग दिसू लागतो. तो काहींच्या बाबतीत हळूहळू विरतो, काहींच्या बाबतीत कायम राहतो. क्ष-किरण फिल्म किंवा काजळी धरलेली काच झगमगाट कमी करते, पण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण पुरेसे अडवत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होऊन अधिक वेळ पाहत राहतो आणि इजा वाढते. मोबाईलच्या छायाचित्रातला ‘दुसरा सूर्य’ म्हणजे कॅमेऱ्यातील भिंगांच्या पृष्ठभागांवर उलटसुलट परावर्तित झालेला त्याच सूर्याचा प्रकाश होय. ज्यांच्याकडे असे न कापलेले छायाचित्र आधीच आहे, त्यांनी खऱ्या सूर्यापासून चित्राच्या मध्यबिंदूतून एक सरळ रेषा ओढावी. तो ‘दुसरा सूर्य’ बहुधा त्याच रेषेवर सापडेल. आकाशातली वस्तू चित्राच्या मध्यबिंदूशी असे नाते कशाला ठेवील?

आता इंधन भरणारे यान. हे दृश्य मार्च २०१२ मधले आहे आणि ते नासाच्या ‘एसडीओ’ या अवकाशातील सूर्य-वेधशाळेने टिपले. चित्रात सूर्याच्या कडेवर एक काळा गोल आहे आणि त्याच्यापासून सूर्यापर्यंत एक काळी नळी आली आहे, हे मान्य. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विलक्षण वाटणारच. पण ही चित्रे अतिनील प्रकाशातली असून त्यांत प्रामुख्याने काही लाख अंश तापमानाचा वायू उजळ दिसतो. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून वर तरंगणारा दाट आणि तुलनेने फारच थंड वायू, ज्याला प्रॉमिनन्स म्हणतात, मागचा प्रकाश शोषून घेतो आणि म्हणून काळा दिसतो. ती ‘नळी’ म्हणजे हा वायू. त्याच्या वर चुंबकीय क्षेत्रामुळे एक विरळ पोकळी तयार होते. ती लांबलचक बोगद्यासारखी असते, आणि सूर्याच्या कडेवर आपण नेमके त्या बोगद्याच्या तोंडातून आत पाहत असलो की ती गोल भासते. पुढे ही सगळी रचना उसळून अवकाशात गेली, यालाच चित्रफितीत ‘यान निघून गेले’ म्हटले आहे. सूर्यावरचे प्रॉमिनन्स पृथ्वीच्या कित्येक पट मोठे असतात, त्यामुळे ‘पृथ्वीहून मोठे’ एवढा भाग खरा आहे, पण ते यान नाही. चित्रफितीत त्या घटनेतील मोजके क्षण कापून घेतले आहेत. सलग चित्रमालिका कोणालाही पाहता येते आणि तीत ही रचना सूर्याच्या फिरण्याबरोबर सरकताना दिसते.

बुधाजवळच्या ‘अदृश्य यानाचे’ उत्तर तर डिसेंबर २०११ मध्येच, ती प्रतिमा ज्यांच्या उपकरणाने टिपली त्यांनीच दिलेले आहे. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या नासाच्या ‘स्टीरिओ’ यानावरील त्या कॅमेऱ्याचे काम अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेकडे आहे. सूर्यापासून उसळलेला वायूचा लोट अतिशय फिका असतो, म्हणून तो दिसावा यासाठी चित्रातून पार्श्वभूमी वजा करावी लागते, आणि ही पार्श्वभूमी आदल्या दिवसाच्या व त्या दिवसाच्या चित्रांची सरासरी काढून बनवलेली असते. तारे आणि धूळ जवळजवळ जागच्या जागी असल्याने ती नीट वजा होतात, परंतु बुध दरम्यान पुढे सरकलेला असतो. त्यामुळे काल तो जिथे होता तिथे वजाबाकीची एक खूण उरते, आणि प्रक्रिया केलेल्या चित्रात ती उजळ ठिपका बनून बुधाच्या शेजारी दिसते. प्रयोगशाळेतील नॅथन रिच यांनी हे तेव्हाच स्पष्ट केले होते. इतक्या वर्षांनी तीच प्रतिमा ‘नुकतीच उघड झालेली’ म्हणून फिरवली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

अशा चित्रांतल्या बाकीच्या वस्तू लवकर आटोपता येतील. ‘सोहो’ या आणखी एका सूर्यनिरीक्षक यानाच्या चित्रातील पंख असलेली, शनीसारखी तबकडी म्हणजे शुक्र, बुध किंवा गुरूसारखा तेजस्वी ग्रह; त्याच्या प्रकाशाने कॅमेऱ्यातील संवेदकाचे बिंदू भरून वाहतात आणि जास्तीचा विद्युतभार शेजारच्या बिंदूंत सांडून आडवी रेघ उमटते. बर्फासारखे ठिपके आणि तुटक रेघा म्हणजे सौरवादळातले वेगवान कण थेट संवेदकावर आदळल्याच्या खुणा आहेत. काटकोनी काळे चौकोन म्हणजे पृथ्वीपर्यंत न पोहोचलेले चित्राचे तुकडे.

चित्रे बंद होतात, हे मात्र खरे आहे. ‘सोहो’चा मुख्य अँटेना फिरवणारी यंत्रणा २००३ मध्ये अडकली, तेव्हापासून साधारण दर तीन महिन्यांनी ते यान उलटे फिरवावे लागते आणि त्या सुमारास काही दिवस माहिती कमी येते. ‘एसडीओ’ आणि सूर्य यांच्यामध्ये वर्षातून दोन हंगामांत रोज काही काळ पृथ्वी येते, म्हणून तिथेही चित्र काळे पडते. रंग संगणकाने दिलेले असतात, हेही खरे, कारण अतिनील प्रकाशाला आपल्या डोळ्यांसाठी रंगच नाही. पण यांपैकी काहीही गुप्त नाही. चित्रे कधी खंडित होणार याची वेळापत्रके आधी जाहीर होतात.

लपवाछपवीच्या आरोपाला माझे उत्तर धूमकेतूंचे आहे. ‘सोहो’च्या चित्रांतून मार्च २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू सापडले, आणि त्यांतले बहुसंख्य कोणा संस्थेच्या नोकरांनी नव्हे, तर जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून, सर्वांना खुल्या असलेल्या याच चित्रांतून शोधले आहेत. त्यांतले कित्येक इतके लहान होते की सूर्याजवळ पोहोचताच विरून गेले. एकेका फिक्या ठिपक्यामागे दिवसेंदिवस डोळे लावून बसणाऱ्या या लोकांच्या नजरेतून पृथ्वीहून मोठे यान निसटेल, हे आत्यालाही शेवटी पटले नाही. क्ष-किरण फिल्म तिने नातवाकडून काढून घेतली आहे.