ग्रुप ऑर्डर म्हणजे दुकानदारी नव्हे

सोलापूरच्या आमच्या शोभेचे मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय, क्लबने मेंबरांसाठी एकत्र मासे मागवावेत का नाही. विरोधकांचं म्हणणं, क्लब छंदासाठी आहे, दुकानदारीसाठी नाही, आणि गावातल्या दुकानदाराच्या पोटावर पाय कशाला द्यायचा. वाचून वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

अरे, सहकार सोलापूरला कोणी शिकवायचा? साखर कारखान्यांचा जिल्हा आपला, कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांनी सोसायटी करून १० हजार घरं उभी केली, आणि आपण मूठभर माणसं एक थर्माकोलचा बॉक्स मागवायला घाबरतोय! इकडे जर्मनीत अशा क्लबांचा महासंघ १९११ पासून आहे. आमच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, ऑर्डरचा तक्ता भिंतीवर लागतो, पैसे कासनवार्टकडे, म्हणजे खजिनदाराकडे जातात, वर्षाच्या सभेत दोन मेंबर हिशोब तपासतात, संपलं. कोणाच्या पर्सनल जीपेवर पैसे टाकायचा प्रश्नच येत नाही.

चेन्नईच्या कोळत्तूरहून, शोभेच्या माशांच्या बाजारातून, बॉक्स निघतो तेव्हा पॅकिंग आणि गाडीभाडं चार पिशव्यांना काय आणि भरलेल्या बॉक्सला काय, फार फरक पडत नाही. पण पैसा राहू द्या बाजूला. प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, म्हणून मासा तग धरतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. नवा मेंबर इंटरनेटवर वाचून उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसतो, मग म्हणतो मासेच खराब पाठवले. बॉक्स एका घरी उतरला आणि जुना माणूस शेजारी उभा असला तर तो सांगेल, बंद पिशवी तशीच टँकमध्ये तरंगू दे, तापमान जुळलं की उघड, लगेच जाळीने मासा उचल, क्वारंटाइन टँकमध्ये सोड, पिशवीतलं पाणी मोरीत ओत. हे एकत्र मागवल्याशिवाय कोण कोणाला शिकवणार?

मेलेले मासे कोणाच्या वाट्याला, हे आधीच ठरवा. सगळ्यांनी वाटून घ्या. आणि दुकानदाराची एवढी काळजी असेल तर ऑर्डर त्याच्याच मार्फत द्या ना, त्याचं कमिशन ठरवून, खाद्य न् फिल्टर तर आपण त्याच्याकडूनच घेतो.

हे सगळं टाकलं तर एकाने लिहिलं, "तिकडं बसून काय शिकवलालास बे, हितं तुझा टँक तरी हाय का?"

नाही. टँक इकडेच आहे, तो पण भाड्याच्या घरात. इथल्या क्लबात मी वर्गणी भरतो, मीटिंगला वेळेवर जातो, सगळे नीट बोलतात आणि साडेनऊला जाकीट चढवून आपापल्या घरी जातात. माझ्याशी कधीच कोणी भांडलं नाही, आणि तेच मनाला लागतं. सोलापुरात टँक नसताना लोक मला बे म्हणून झापतात, रात्री जागून मी ते वाचतो, सकाळी कामावर जायचं असतं तरी.

म्हणून यादीत माझं नाव लिहा. माझ्या वाट्याचे मासे भावाच्या टँकमध्ये सोडा, त्याच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं पण ड्रम भरलेले असतात. फक्त ऑर्डर पाऊस पडल्यावर काढा, मे महिन्यात सोलापूर स्टेशनवर तो बॉक्स तासभर जरी पडून राहिला तरी एक मासा वाचायचा नाही.