चित्रकार व्हा, पण आधी दिवाण मोजून घ्या

सर्वप्रथम अभिनंदन. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला 'ए' ग्रेड मिळाली, दहावीच्या मार्कांत तिची भर पडली आणि 'हात चांगला आहे हो पोराचा' म्हणून शेजारच्या काकूंनी शिक्कामोर्तबही केलं. आता तुम्ही चित्रकलेचीच पदवी घेऊन पूर्णवेळ चित्रकार व्हायचं ठरवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही, ते बरंच केलंत. सांगाल तेव्हा 'पेंटिंग' हा शब्द काढू नका. 'बी.एफ.ए.' म्हणा. वडिलांना बी.बी.ए.सारखं काहीतरी ऐकू येईल आणि फी भरून होईपर्यंत तरी घरात शांतता नांदेल.

मी याच वाटेने गेलेलो आहे आणि सध्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे सल्ला अनुभवाचा आहे. फुकट आहे. चित्रकाराकडून काही घेतलं तर पैसे द्यायचे असतात, हे तुम्हालाही अजून कुणी सांगितलेलं नसणार.

प्रवेशपरीक्षेचा धसका घेऊ नका. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे सगळं तुम्ही त्याआधीच्या एलिमेंटरी परीक्षेपासून गिरवत आलात. स्मरणचित्रासाठी मात्र क्लास लावा. आमचे क्लासचे सर तीन माणसं पाठ करून घ्यायचे: एक पाठमोरी बाई, एक बाजूने दिसणारा बाप्या, एक धावणारं पोर. बाईच्या कमरेवर कळशी दिली की पाणवठा, हातात पिशवी दिली की भाजीबाजार, पोराच्या हातात फुगा दिला की जत्रा. या तिघांच्या जिवावर मला प्रवेश मिळाला. पुढे चार वर्षं प्राध्यापक सांगत राहिले, आधी शिकलास ते सगळं विसर. विसरलो. पण आज शाळेत फळ्यावर स्मरणचित्र शिकवायला घेतलं की तीच बाई कळशी घेऊन पाठमोरी उभी राहते. तिचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

कॉलेज निवडताना परंपरा बघावी. मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि 1857 साली ती संस्था सुरू झाली. म्हणजे आपल्याकडच्या कलाशिक्षणाच्या इतिहासातला पहिला मोठा आकडा देणगीचा आहे, चित्रविक्रीचा नाही. याच आवारात 1865 साली रडयार्ड किपलिंगचा जन्म झाला. वडील तिथे शिकवत होते. पोराने चित्रकलेचा संसार घरातूनच पाहिला आणि तो लेखक झाला. 1907 मध्ये त्याला नोबेल मिळालं. पोरं हुशार असतात, आपणच ऐकत नाही.

कलेतिहासाच्या पेपरला मुंबईतल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपवर प्रश्न हमखास येतो, तो नीट करून ठेवा. 1947 मध्ये सहा जणांनी मिळून हा ग्रुप काढला. त्यातल्या सूझांना जे.जे.मधून 1945 मध्ये काढून टाकलं होतं. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून वर आलेले. आरांनी कधीकाळी लोकांच्या मोटारी धुतल्या होत्या. एवढं लिहिलंत की मार्क मिळतात आणि मार्क मिळाले की पदवी मिळते. फक्त उत्तरात जे लिहिलं तसं वागू नका, हजेरी कमी पडते.

अभ्यासक्रम उत्तम असतो, यात थट्टा नाही. हेड स्टडी, लाइफ, स्टिल लाइफ, रचनाचित्र, मुद्राचित्रण, सौंदर्यशास्त्र. सावलीचा रंग काळा नसतो, हे मला तिथे कळलं आणि त्या दिवशी कॉलेज ते स्टेशन हा रस्ता मी पहिल्यांदा पाहिला. हे ज्ञान कुणी काढून घेऊ शकत नाही. विकतही घेत नाही. आमच्या वर्गात हेड स्टडीला एक दाढीवाले आजोबा बसायचे. दर वीस मिनिटांनी विडी ओढायला उठायचे आणि परत येताना मान दोन इंच दुसरीकडेच ठेवायचे. आम्ही पंचवीस जण घाम गाळत त्यांना रंगवायचो. त्या खोलीत चित्रकलेतून त्या दिवसाचे पैसे घरी नेणारा माणूस एकच होता, ते आजोबा. अभ्यासक्रमात ही बाजू कुठेच नव्हती. बिल कसं करायचं, किंमत कशी सांगायची, गॅलरी कमिशन किती कापते, करारात काय पाहायचं, या गोष्टींवर चार वर्षांत एक तासही झाला नाही. पैशाचा विषय वर्गात निघाला की सर खिडकीबाहेर बघायचे. मला तेव्हा वाटायचं, ते प्रकाश बघतायत.

कॉलेजात असेपर्यंत उपयोजित कलावाल्यांना तुच्छ लेखायचं, ही प्रथा चुकवू नका. ते 'कमर्शियल', आपण 'फाइन'. ते साबणाच्या वड्यांची वेष्टणं करतात, आपण अस्तित्वाचा शोध घेतो. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसायचंसुद्धा नाही. पदवीनंतर साधारण दुसऱ्या वर्षी त्यांच्यापैकी एकाला 'अरे, तुमच्या एजन्सीत काही आहे का' असा मेसेज करावा लागतो, तेव्हा सुरुवात 'मित्रा' अशी करावी. नंबर मात्र आत्ताच घेऊन ठेवा.

भाषाही आत्ताच शिकून घ्या, चित्रापेक्षा चित्राखालच्या मजकुराला जास्त वेळ लागतो. 'अवकाश' म्हणजे तिथे काही काढलेलं नाही. 'पोत' म्हणजे रंग जास्त लागला. 'सहजस्फूर्त' म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री. 'आदिम' म्हणजे हात जमला नाही. माझ्या एका मित्राने कॅटलॉगमध्ये 'अनामिकाच्या अंतर्बाह्य अवकाशातील आदिम स्पंदने' असं लिहिलं होतं. चित्र वांग्याचं होतं. चांगलं होतं वांगं, देठाजवळचा जांभळा तर इतका अचूक की अजून आठवतो. नुसतं 'वांगं' लिहिलं असतं तर कुणी उभं राहून बघितलं असतं, असं मला आजही वाटतं.

आता वाहतूक. पुस्तकात हा धडा नसतो, म्हणून सविस्तर सांगतो. चित्र स्पर्धेला पाठवायचं तर ते स्वतः नेऊन द्यावं लागतं, आणि नापसंत झालं की स्वतःच परत आणावं लागतं. प्रवेशशुल्क परत मिळत नाही, चित्र मिळतं. चार बाय पाचचा कॅनव्हास लोकलच्या साध्या डब्यात शिरत नाही, त्यासाठी मालडबा. तिसऱ्या वर्षी असंच एक नापसंत चित्र घेऊन मी मालडब्यात उभा होतो. शेजारी पाट्या घेऊन बसलेल्या एका मावशीने चित्राकडे बराच वेळ निरखून पाहिलं. इतका वेळ परीक्षकांनीही दिला नसावा.

"कितीला देतोस रं?"

"वीस हजार," मी म्हटलं. आकडा तिथेच सुचला.

"आणि संध्याकाळपरेंत नाय गेलं तर?"

मी गप्प.

"माजा माल नाय गेला तर मी सुकवते. तू काय करतोस?"

"आमचा आधीच सुकवावा लागतो, मावशी."

मावशी हसली, आणि पाटीतलं बर्फाचं पाणी कॅनव्हासला लागू नये म्हणून तिने पाटी स्वतःच्या पायाशी ओढून घेतली. माझ्या चित्राची कुणी घेतलेली ती पहिली काळजी.

प्रदर्शन तर करावंच लागतं. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे आणि तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तेव्हा अर्ज बारशालाच टाकून ठेवायला हवा होता. पूर्वी तिथे समोवार कॅफेमध्ये चहाच्या एका कपावर दुपार काढता यायची, ते 2015 मध्ये बंद झालं. तुम्ही उशिरा जन्मलात. गॅलरीबाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात. समोरच्या माणसाचा चेहरा बघता बघता कागदावर उतरवतात, पैसे घेतात, पुढच्याला बसवतात. आत वातानुकूलित हॉलमध्ये, आठवड्याचं भाडं भरून बसलेला पदवीधर काचेतून ते बघत असतो. त्याचं काम जास्त खोल आहे. बाहेरच्याचं जास्त चाललंय.

माझं प्रदर्शन एका लहान गॅलरीत झालं. भाडं, फ्रेम, टेम्पो, कॅटलॉग, उद्घाटनाच्या पाहुण्यांची शाल आणि नारळ, सामोसे. चित्रांचा क्रमांक खर्चात सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी नातेवाईक आले, त्यांनी सामोश्यांना दाद दिली. दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं आणि 'आमच्या हॉलला मरून पडदे आहेत, त्यात जाईल असं काही?' म्हणालं. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ एका चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहिले. मी धडधडत जवळ गेलो तर त्यांनी विचारलं, वॉशरूम कुठेय? आठवड्याभरात दोन चित्रं गेली. एक मामाने घेतलं. दुसरं परतीच्या टेम्पोत गेलं, म्हणजे फाटलं.

'पण चित्रं कोटींना जातात की!' असं तुमच्या मनात आलंच असेल. जातात ना. वासुदेव गायतोंडे जे.जे.मधूनच 1948 साली बाहेर पडले. दिल्लीत निजामुद्दीनच्या एका लहानशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, त्यांनी वर्षानुवर्षं काढली, वर्षाला मोजकीच चित्रं केली. त्यांचं 1961 सालचं एक चित्र 2021 मध्ये लिलावात 39 कोटी 98 लाखांना गेलं. गायतोंडे 2001 मध्येच गेले होते. म्हणजे योजना सरळ आहे: साठ वर्षं धीर धरायचा आणि त्यातली शेवटची वीस हयात नसायचं. हयात असताना आकडा बघायची हौस असेल तर तय्यब मेहतांचं उदाहरण घ्या. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांच्या तीन भागांच्या चित्राला सुमारे दीड कोटी आले, तेव्हा ते हयात होते. चित्र मात्र त्यांच्या हातून आधीच गेलेलं होतं.

यावर आपल्याकडे कायदा आहे बरं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 53 अ. चित्र पुन्हा विकताना दहा हजारांवर किंमत आली तर मूळ चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. हे कलम मी सुंदर अक्षरात लिहून फ्रेम करून लावलंय. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना ते कॅलिग्राफीचं काम म्हणून आवडतं. मामाने घेतलेलं चित्र तो विकणार नाही, असं मामीने सांगितलंय. ते फ्रीजच्या मागे आहे.

मग नोकरी. नोकरीला लाजू नका, प्रभाकर बरवे यांच्यासारख्या नामवंत चित्रकारानेसुद्धा विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. आपल्या नशिबी बहुधा शाळा येते. चार वर्षांची पदवी हातात असली तरी शिक्षक व्हायला आणखी एक पदविका लागते, तीही करून टाका. शाळेत चित्रकलेचे तास आठवड्याला दोन, आणि परीक्षा जवळ आली की ते गणिताच्या बाई मागून नेतात. वर्गावर शिकवावं लागतं म्हणून काही बिघडत नाही, कारण तुमचं खरं काम वर्गाबाहेर असतं. दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार. शिक्षणाधिकारी येणार म्हटलं की 'सुस्वागतम्' आणि दोन हत्ती. तीनशे प्रमाणपत्रांवर नावं, त्यातली चाळीस चुकीची, कारण यादीच चुकीची. स्नेहसंमेलनाचा पडदा, गणपतीचं मखर, पंधरा ऑगस्टची रांगोळी, आणि मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात 'तुम्ही घरचेच' म्हणून स्टेजवरची नावं. थर्माकोलमध्ये. हे सगळं करून मी संध्याकाळी घरी येतो तेव्हा सोसायटीतलं एखादं पोर दारात उभं असतं: 'काका, आई म्हणाली, पाणी वाचवाचं पोस्टर काढून द्या. उद्या द्यायचंय.' एवढी मागणी असलेला दुसरा धंदा मला माहीत नाही.

आणि तरीही रंग विकत घेतलेच जातात. दुकानदार कॅडमियमची ट्यूब काउंटरमागून अशी काढतो जशी सराफाने चेन काढावी. घरी विचारलं तर 'शाळेचं सामान' सांगावं. एक घ्यावी, दोन घेऊ नयेत, आणि पावती खिशात ठेवू नये, कपडे धुवायला टाकताना सापडते.

राहिला दिवाण. हे प्रवेश घेण्याआधीच करून ठेवा. न विकलेली चित्रं भिंतीवर मावत नाहीत, माळ्यावर उंदीर, बाल्कनीत ऊन आणि पाऊस. ती दिवाणाखाली जातात. आमच्या दिवाणाखाली साडेतीन फूट खोली मिळते, म्हणून गेली दहा वर्षं मी तीन बाय तीनच्या वर जात नाही. एका परीक्षकाने माझ्या 'चौकोनी अवकाशाच्या आग्रहाचं' कौतुकही केलं होतं.

गेल्या रविवारी त्यातलं एक बाहेर काढलं. कोळिष्टकं झटकली, थोडा वेळ बघितलं, आणि पांढऱ्याचे दोन हात मारले, नवा कॅनव्हास परवडत नाही म्हणून. सुकायला गच्चीत नेऊन ठेवलं. शेजारच्या काकूंनी तिथे पापड घातले होते. त्याच काकू, हात चांगला आहे म्हणणाऱ्या.

"कोराच आहे ना हा?" त्यांनी विचारलं. "कावळे फार झालेत रे. देतोस का झाकायला? संध्याकाळी परत देते."

दिला.