तीन सुना आणि नोहाचं तारू

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं एका वाडीवर रविवारी दुपारी पोरांना बायबलच्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आलंय. काम सोपं आहे असं बेळगावात, कॅम्पात बसून चहा पिताना कुणालाही वाटतं. गोष्ट पाठ आहे, रंगीत तक्ता आहे, खाऊला बिस्किटं आहेत, अजून काय पाहिजे?

नोहापासूनच सुरुवात केली, जलप्रलयात घरच्यांना आणि प्राण्यांच्या जोड्यांना तारवात, म्हणजे मोठ्या जहाजात, घेऊन वाचलेला तो. आवाज एकदम खाली आणून म्हटलं, "चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस!" आणि पोरांना घाबरायला जरा वेळ दिला. कोण घाबरतंय! कणकुंबीच्या बाजूची पोरं ती, जून ते सप्टेंबर सूर्य फक्त कॅलेंडरवर बघणारी.

"चाळीसच?" मागनं एकजण म्हणाला. "मग काय की सर, आमच्याकडं तेवढ्यात नट्टीबी (भाताची लावण) होत न्हाई."

मग मी तारवाच्या मापाकडं वळलो, तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हे सांगितल्यावर पोरं 'बाप रे' म्हणतील अशी अपेक्षा, पण ती उठली आणि दोर घेऊन मोजायलाच लागली, आता हात कुणाचा धरायचा यावर भांडण, शेवटी सगळ्यात लांब हाताचा एक पोरगा निवडला, प्रार्थनेच्या खोलीच्या दारापासनं मोजत मोजत मैदान संपलं, रस्ता ओलांडला आणि तारवाचं टोक एका म्हाताऱ्या काकांच्या भाताच्या खाचरात गेलं. काका काठी घेऊन पळत आले. त्यांना वाटलं रस्त्याचा सर्व्हे आलाय. मी आपला "काका, नोहाचं तारू आहे ओ" म्हणून समजावतोय आणि ते विचारतायत, नुकसानभरपाई गुंठ्याला किती?

परत आत येऊन बसलो तर प्रश्नांची लाइन लागलेली. एवढं लाकूड तोडताना फॉरेस्टवाले आले नाहीत? हत्ती कुणी चढवले? (इथं दांडेलीच्या जंगलातनं हत्ती येऊन ऊस-भात तुडवून जातात, त्यामुळं हत्ती म्हटलं की यांना चित्रातला बाळहत्ती आठवत नाही.) दोन हत्तींना चाळीस दिवस ऊस किती ट्रॉली लागला? मी म्हटलं, पाऊस चाळीस दिवस, पाणी ओसरायला त्याहून किती तरी जास्त लागले. हे सांगायला नको होतं असं नाही, पण हिशेब लगेच वाढला. आणि मग एका शांत बसलेल्या पोरीनं विचारलं, "सर, शेण कोण काढत होतं?"

बायबलमध्ये याचं उत्तर नाही. मी सुस्कारा सोडायच्या आत तिनंच विचारलं, तारवात माणसं किती. आठ, म्हटलं, नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना.

"मग सुनाच," ती म्हणाली आणि सगळ्या पोरींनी माना हलवल्या. विषय संपला.

दावीद-गल्याथाचं, म्हणजे गोफणीनं धिप्पाड योद्ध्याला पाडणाऱ्या मेंढपाळ पोराचं, थोडक्यात सांगतो. गल्याथ सहा हात एक वीत उंच, दाविदानं ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेतले, लागला एकच. गोफण कशी फिरवतात हे मला दाखवायची गरज पडली नाही, पाखरं राखायची गोफण एकाच्या घरात होतीच. एक कौल फुटलं. पुढं विचारू नका.

उधळ्या पुत्राला तर पोरांनी कोर्टातच उभं केलं. बाप जिता असताना वाटणी? उतारा कुणाच्या नावावर होता? सगळं उडवून आला आणि बाप पळत जाऊन मिठी मारतोय, बोटात अंगठी घालतोय! सगळा वर्ग मोठ्या भावाच्या बाजूनं. "त्यो बिचारा शेतात राबायचा आणि पार्टी ह्याला?" मी क्षमेवर यायचा प्रयत्न करत होतो, पण चर्चा आता वाटणी परत होणार का यावर गेलेली. खरं सांगायचं तर घरी दोन धाकटे भाऊ असल्यामुळं मीही फार जोर लावला नाही.

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावला आले, मिशन सुरू केलं, हे आमच्या जुन्या मंडळींना पाठ आहे. पण पोरांनी त्यांना काय काय विचारलं आणि त्यांनी काय सांगून वेळ मारून नेली ते कुठं वाचायला मिळालं तर मला गाईड म्हणून पाहिजे होतं.

मागच्या रविवारी येशूनं एका पोराच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंना जेवू घातलं ती गोष्ट घेतली. ही गोष्ट सेफ, कारण भाकरी त्या पोराकडंच होती, म्हणजे हिरो पोरगंच. पाच हजार पुरुष जेवले, बायका-पोरं वेगळी, वर बारा टोपल्या उरल्या. पोरं खुश. लगेच बिस्किटं वाटायला घेतली, प्रत्येकी दोन.

"सर, तिकडं बारा टोपल्या उरल्या की," पहिल्या रांगेतनं आवाज आला, "मग आमाला दोनच कशाला?"

अख्खा डबा गेला. येत्या रविवारी योना आहे, मोठ्या माशानं गिळलेला तो, आणि एका पोराचा बाप मलप्रभेत जाळं टाकतो. मासा कुठल्या जातीचा, ते त्यानं आत्ताच विचारून ठेवलंय.