कॉलेजातून काढून टाकणं हा उपाय नाही

एका लेखात लिहिलंय की होस्टेलवर दारू किंवा गांजा सापडला की मुलाला सरळ काढून टाका म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. अजिबात पटलं नाही. माझ्या धाकट्या भावाला सेकंड इयरला असंच काढलं, घरी आला आणि महिन्याभरात पिणं दुप्पट, कारण दिवसभर करायला काही नाही आणि आईबाबा लाजेपोटी कुणाशी बोलेनात. शेवटी मामाने त्याला पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं, अवचट दांपत्याने १९८६ मध्ये सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, पुलंनी त्याला मदत केली होती. तिथे त्याला पहिल्यांदा कुणीतरी पेशंट म्हणून वागवलं, गुन्हेगार म्हणून नाही.

आणि प्लीज, घरच्यांनी कोंडून ठेवून दारू एकदम बंद करायला लावू नका. आम्ही तेच केलं होतं, तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याचं असं होऊ शकतं, जिवावरही बेततं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

ड्रग्जच्या बाबतीत मुलं पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. पण एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे, सेवनाचं किंवा थोड्या प्रमाणाचं प्रकरण असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं, फक्त उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. हे किती कॉलेजांत सांगतात? १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाईन फुकट आहे, निदान तो नंबर तरी प्रत्येक होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा.