आत्या, कपडे नाही ओढत, झेंडा ओढतात

मंगळवारी संध्याकाळी कुकर लावून उभी होते, तेवढ्यात साताऱ्याहून आत्याचा मेसेज आला. तिकडे सकाळचे सात. एरवी त्या वेळेला तिच्याकडून गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' येतं. या वेळी फ्लॅग फुटबॉलविरुद्ध हातभर लांब मजकूर होता. मथळा 'अमेरिकेतील मराठी पालकांनो, सावधान!' आणि खाली तिची स्वतःची एक ओळ: 'बाळा, तू हेच खेळतेस ना? सोड बाई ते.'

हाच मजकूर त्याआधी तीनदा माझ्यापर्यंत येऊन गेला होता. मंडळाच्या ग्रुपवर, बिल्डिंगच्या ग्रुपवर आणि गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेल्या, कधीच बंद न झालेल्या ग्रुपवर. तिन्ही वेळा अंगठा वर सरकवून मी पुढे गेले. पण मग कळलं की ओळखीतल्या एका घरात तो वाचून अकरावीतल्या मुलीचं नाव शाळेच्या टीममधून काढलंय. आणि आता आत्या. म्हणून बसले लिहायला.

मजकूर थोडक्यात असा: फ्लॅग फुटबॉल म्हणजे नाव बदललेला अमेरिकन फुटबॉल, त्यात हेल्मेटशिवाय डोकी आपटतात. मुलींच्या कमरेचे कपडे ओढणं हाच खेळ आहे आणि तसं नियमातच लिहिलंय. सात सेकंदांत चेंडू फेकला नाही तर मुलीला धक्का देऊन पाडतात. बायकांसाठी सगळं सोपं केलंय, त्यामुळे हा खरा खेळच नव्हे. जगात याला मान्यता नाही, नुसता धंदा आहे. आणि धावण्या-उड्या मारण्याने गर्भाशय सरकतं. लेखक कोण, तर 'एक नामवंत डॉक्टर'. नाव नाही, गाव नाही, नामवंत मात्र आहेत.

मी सॅन होजेजवळ राहते आणि बायकांच्या एका हौशी लीगमध्ये खेळते. हे तिसरं वर्ष. रविवारी सकाळी आठ टीम जमतात, बाविशीच्या पोरींपासून पन्नाशीच्या बायकांपर्यंत. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि टीममध्ये माझा वेग खालून दुसरा आहे. तेव्हा हे तज्ज्ञ म्हणून लिहीत नाही, फक्त नियमाचे कागद वाचलेली बाई म्हणून लिहिते.

आधी खेळ काय आहे ते. (इकडचा फुटबॉल हाताने खेळतात. नाव असं का, ते मला विचारू नका.) मैदान ५० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद आणि दोन्ही टोकांना १० यार्डांची एकेक पट्टी. पाच विरुद्ध पाच. चार प्रयत्नांत मधली रेघ ओलांडायची, ओलांडली की आणखी चार प्रयत्न, आणि चेंडू घेऊन समोरच्या पट्टीत पोचलं की ६ गुण. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी झेंडे. चेंडू जिच्या हातात आहे तिचा झेंडा निघाला की तो प्रयत्न संपला. आट्यापाट्या खेळलेल्या कुणालाही हे पाच मिनिटांत कळेल. पाटी धरून उभ्या असलेल्या बाईला हूल द्यायची आणि निसटायचं. फक्त इथे तिने तुमच्या अंगाला हात लावायचा नाही, झेंड्यालाच लावायचा.

आता तो कपड्यांचा मुद्दा. मजकुरात तो दुसरा आहे, पण मी आधी घेते, कारण त्या मुलीचं नाव काढलं गेलं ते याच्यामुळेच.

डॉक्टरसाहेबांनी पुरावा म्हणून दोन नियम दिलेत: शर्ट आत खोचलेला हवा आणि शॉर्ट्सना खिसे नकोत. दोन्ही नियम खरे आहेत. आमच्या लीगच्या कागदावर आहेत आणि या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकातही आहेत. त्यावरून साहेबांनी अर्थ काढला की मुलींनी तोकडे, अंगाला चिकटलेले कपडे घालावेत आणि ते ओढायला सोपे जावेत म्हणून हे नियम केलेत. वाचून मी कुकरच्या शिट्या मोजायला विसरले. भाताची पेज झाली.

नियम नेमका उलट कारणासाठी आहे. शर्ट बाहेर लोंबत असला की झेंडा त्याखाली लपतो आणि झेंड्याकडे गेलेला हात शर्टाला लागतो. शर्ट खोचला की झेंडा उघडा राहतो आणि हात तिथेच जातो. खिशाचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या वर्षी आमची एकजण झेंडा ओढायला वाकली, तो हुकला आणि तिची अनामिका समोरचीच्या खिशात अडकली. खिसेवाली पुढे पळाली, बोट मागे राहिलं. सहा आठवडे पट्टी. तेव्हापासून पंच सामन्याआधी सगळ्यांच्या खिशांकडे बघतात आणि जिला खिसे असतील तिला कडेला बसवून त्यावर राखाडी टेप मारायला लावतात. तोकड्या कपड्यांचं म्हणाल तर आमच्यातल्या चौघी घोट्यापर्यंतचं लेगिंग घालतात, कुणी हू की चू केलेलं नाही. एवढंच बघतात की कपड्याचा रंग झेंड्याच्या रंगाशी मिसळू नये.

झेंडा पट्ट्याला शिवलेला नसतो आणि गाठ मारलेलाही नसतो. प्लॅस्टिकची एक वाटी आणि तिच्यात बसणारी गोळी. ब्लाउजचं टिचबटण मोठं करून बघा, साधारण तसंच. ओढला की 'टक्' होऊन झेंडा हातात येतो आणि पट्टा जागच्या जागी राहतो. पट्टाच जागचा हलत नाही, तर कपडे कुठून हलणार? शर्ट किंवा शॉर्ट्स धरून थांबवलं तर तो दोष. आमच्याकडे १० यार्डांचा दंड आहे. आणि चेंडू घेऊन पळणारीने झेंड्यावर हात ठेवला, कोपर आडवं घातलं, तरी तिलाच दंड. झेंडा झाकायचा नाही, तो मोकळा ठेवायचा, म्हणजे दुसरीला कपड्यापर्यंत जायची गरजच पडत नाही. नियम असे एकमेकांना धरून बसवलेत. वाचले असते तर दिसलं असतं.

'झेंडे पुरुष पंच बांधतात' हेही त्यात आहे. नाही बांधत. आपला पट्टा आपण बांधतो आणि पंचांसमोर आपणच झेंडा ओढून दाखवतो की हा सुटतो. काहीजणी पूर्वी गाठ मारून फसवायच्या म्हणून ही पद्धत.

आत्याला हे सगळं फोनवर सांगून पटेना. शेवटी व्हिडिओ लावला, घरच्या कुर्त्यावर पट्टा बांधला आणि नऊ वर्षांच्या चिरंजीवांना म्हटलं, ओढ. टक्. आत्या म्हणाली, "परत दाखव." परत टक्. तिसऱ्यांदा तिने काकांना बोलावून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "एवढंच होय? आमच्या कबड्डीत तर..." आणि गप्प बसली. कॉलेजात आत्या कबड्डीच्या टीममध्ये होती. तिच्या उजव्या गुडघ्यावर अजून खूण आहे. कबड्डीत पाय धरतात, कंबर धरतात, चौघी मिळून एकीला मातीत आडवं करतात आणि हेल्मेट कुणीच घालत नाही. ते आपल्याला चालतं. चालायलाच हवं, फर्स्टक्लास खेळ आहे. मग इकडे झेंड्याला हात लावला की संस्कृती का बुडते, ते नामवंतांनी सांगावं.

आता डोक्याचा मुद्दा. अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या खेळाडूंच्या मेंदूला झालेल्या इजांबद्दल मजकुरात आहे ते खोटं नाही. पण तो अंगावर धडका मारण्याचा खेळ आहे. हा खेळ तसा नाही, आणि हे माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिकेच्या सरकारी रोगप्रतिबंधक संस्थेने, म्हणजे सीडीसीने, २०२१ मध्ये ६ ते १४ वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. डोक्याला बसणारे झटके मोजणारी यंत्रं लावून केलेली. धडकेच्या फुटबॉलमध्ये एका हंगामात मध्यम खेळाडूच्या डोक्याला ३७८ झटके, फ्लॅग फुटबॉलमध्ये ८. जोरदार झटक्यांचं प्रमाण २३ पट. अभ्यास मुलांचा आहे, बेचाळिशीच्या बायकांचा नाही, हे मलाही कळतं. पण ३७८ आणि ८ यांना एकाच पारड्यात टाकायला डॉक्टर असणं पुरत नाही, आकडे न वाचलेला डॉक्टर असावं लागतं.

झटके कमी का, तर नियमांमुळे. अडवण्यासाठी अंग मध्ये घालता येत नाही. चेंडूवालीने समोर उभ्या असलेल्या बाईला चुकवून जायचं असतं, तिच्यावर आदळली तर दोष चेंडूवालीचा. झेंडा चुकवायला सूर मारायचा नाही. आणि मला सगळ्यांत आवडणारा नियम म्हणजे चेंडू हातातून निसटून जमिनीला लागला की खेळ तिथेच थांबतो. टीव्हीवर दिसतो तसा एका चेंडूवर दहा माणसांचा ढीग पडतच नाही, कारण पडलेल्या चेंडूचं कुणाला काही करता येत नाही.

दुखापत होतच नाही, असं मी म्हणणार नाही. बोटं मुरगळतात, घोटे मुरगळतात. गुडघ्याचा आतला लिगामेंट तुटायचा धोका एकदम दिशा बदलण्याच्या सगळ्याच खेळांत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि हा खेळ तर दिशा बदलण्यावरच चालतो. माझी डाव्या हाताची करंगळी आता पुरती सरळ होत नाही. लाटणं धरताना जाणवतं. मजकुरात घाबरवायचंच होतं तर हे लिहायला हवं होतं. खरं तरी ठरलं असतं.

सात सेकंदांची गंमत वेगळीच आहे. दोन नियमांची खिचडी झालीये. चेंडू फेकणारीकडे धावत जाणाऱ्या मुलीला, प्रयत्न जिथून सुरू होतो त्या रेघेपासून ७ यार्ड मागून सुरुवात करावी लागते, आणि आमच्या लीगमध्ये ७ सेकंदांत चेंडू फेकला नाही तर तो प्रयत्न वाया जातो. धक्का कुठेही नाही. उलट फेकणाऱ्या हाताला नुसता हात लागला तरी दंड.

'बायकांसाठी सोपं केलं' यातलं अर्धं कबूल करते, जरा नाइलाजाने. आमच्या लीगमध्ये छोटा चेंडू चालतो, कारण मोठा आमच्यातल्या अर्ध्याजणींच्या पंजात मावत नाही. पण पाच विरुद्ध पाच, चार प्रयत्न, ७ यार्ड हे पुरुषांनाही तेच आहे. आणि छोट्या चेंडूने खेळ खोटा होत असेल तर बायकांचं क्रिकेटही खोटं, त्यांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. बायकांचा बास्केटबॉल एक नंबर लहान. कबड्डीचं मैदान पुरुषांना १३ बाय १०, बायकांना १२ बाय ८ मीटर. आत्या खोटी कबड्डी खेळली, असं कुणी साताऱ्यात जाऊन तिला सांगून बघावं.

मान्यतेचं तर हसूच आलं. फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आहे, पुरुषांचा आणि बायकांचाही. तो घ्यायचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १६ ऑक्टोबर २०२३ ला घेतला, आणि कुठे, तर मुंबईत, बीकेसीत. त्याच बैठकीत क्रिकेटही आलं, ती बातमी आपण पेढे वाटल्यासारखी फिरवली. शेजारचं नाव वाचायचं राहून गेलं. कॅलिफोर्नियाच्या शालेय क्रीडा संघटनेने तर त्याच वर्षी फेब्रुवारीत मुलींच्या फ्लॅग फुटबॉलला मान्यता दिली होती, म्हणजे शाळेत गुपचूप काही चाललेलं नाही. आणि 'अमेरिकनांचं फॅड' म्हणाल तर २०२२ च्या वर्ल्ड गेम्सची, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेची, फायनल बघा. अलाबामात, अमेरिकेच्याच अंगणात, मेक्सिकोच्या बायकांनी अमेरिकेला ३९-६ ने धुतलं.

धंदा आहे का? आहे. एनएफएल, म्हणजे धडकेच्या फुटबॉलची इकडची व्यावसायिक लीग, या खेळात पैसा ओतते ती काही पुण्य मिळवायला नाही, तिला जगभर प्रेक्षक हवेत. आयपीएल काय देवळात भरते?

राहिलं गर्भाशय. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, मग त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यतच काढून टाकली, ती १९६० ला परत आली. मॅरेथॉन मिळायला १९८४ उजाडलं, तीही लॉस एंजलिसलाच. तेव्हापासून कुणाचं काय सरकलं ते नामवंतांनी नावानिशी कळवावं. मला दोन मुलं आहेत, यापेक्षा जास्त या मुद्द्याला देणार नाही.

काल रात्री त्या अकरावीतल्या मुलीच्या आईचा फोन आला. मजकुराबद्दल ती काही बोलली नाही, मीही विषय काढला नाही. म्हणाली, पायघोळ लेगिंग चालतं का? म्हटलं, चालतं. आणि त्याला मोबाइलचा खिसा असेल तर? म्हटलं, टेप नका लावू, घामाने सुटते. सुई-दोरा घ्या आणि शिवून टाका.