लॉर्ड रॉस: हौशी उमराव नव्हे, पक्का ओतारी

तिसऱ्या अर्ल ऑफ रॉसचा विषय निघाला की 'पैसेवाला होता, हौस म्हणून दुर्बीण बांधली' एवढ्यावर मिटतो. मला हे पटत नाही. पैसा होता खरा, त्यातला बराचसा बायकोच्या, मेरीच्या माहेरचा. पण पैसा ओतून दुर्बिणीचा आरसा होत नाही.

त्याचं नाव विल्यम पार्सन्स, जन्म १८००. १८२१ ते १८३४ आयर्लंडमधल्या किंग्ज काउंटीचा खासदार. १८४१ मध्ये वडील गेल्यावर अर्ल. खरं काम चाललं ते आयर्लंडमधल्या बर्र गावी, वाड्याच्या आवारातल्या भट्टीवर.

आरसा सहा फूट व्यासाचा, वजन तीन टनांच्या घरात. काचेवर चांदी चढवायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून धातूचाच. तांबं ६८ टक्के, कथील ३२. पाय घासायची आपली काशाची वाटीही याच जोडीची, फक्त तिच्यात कथील साधारण २२ टक्के. कथील वाढवलं की धातू पांढराशुभ्र चकाकतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. वरचा थर आधी थिजला की आत ताण राहतो, तबकडी तडकते.

रॉसची युक्ती साच्याच्या तळात होती. लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या करून घट्ट आवळलेल्या. फटींतून वायू निसटतो, धातू नाही; शिवाय लोखंड उष्णता खेचून घेतं, त्यामुळे तबकडी खालून वर थिजत जाते. कडेला नुसती वाळू. मग गरम असतानाच तबकडी तापवलेल्या भट्टीत ओढायची आणि सोळा आठवडे हळूहळू निवू द्यायची. एवढं करूनही पाच ओतकामांतून दोनच आरसे कामी आले.

दोन लागायचेच. आयर्लंडच्या दमट हवेत आरसा काळवंडतो, आणि पुन्हा पॉलिश करताना त्याचा बाक बिघडू शकतो, म्हणजे आकार नव्याने साधणं आलं. एक दुर्बिणीत, दुसरा वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्राखाली.

एप्रिल १८४५ मध्ये याच दुर्बिणीतून एम ५१ या दीर्घिकेचा सर्पिल आकार दिसला. त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळात निरीक्षणं मागे पडली.

चुकलाही. मृगातल्या तेजोमेघात सुटे तारे दिसतात असं त्याला वाटलं. तो निघाला वायू. तरी मी त्याला वरचढ मानतो ते दुसऱ्याच कारणासाठी. युरेनस शोधणाऱ्या थोरल्या हर्शेलने आरसे पॉलिश करायची रीत कधी छापली नाही. रॉसने आपल्या आधीच्या तीन फुटी आरशाची सगळी कृती, फसलेल्या प्रयोगांसकट, १८४० मध्येच छापून टाकली होती.